भावफलक दिसतो, पण ऐकू येत नाही
(सर्वांसाठी वेब : लेखांक ६)

मागच्या लेखात आपण पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरची ओळख करून घेतली. अँड्रॉइडवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर, आणि संगणकासाठी मायकेल करन या अंध तरुणाने ऑस्ट्रेलियात २००६ साली सुरू केलेले, आजही फुकट मिळणारे एनव्हीडीए. आज हे वाचक घेऊन खरेदीला निघू.

समजा, दृष्टिहीन गिऱ्हाईक हापूस मागवायला एका बागायतदाराच्या वेबसाइटवर आले. पहिला प्रश्न अर्थातच भावाचा. भाव आहे, पण तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेल्या रंगीत जाहिरातीत. तीच जेपीजी साइटवर चढवलेली. टॉकबॅक ‘प्रतिमा’ एवढेच म्हणतो आणि पुढे सरकतो. खाली पेटी वाढवायचे, कमी करायचे आणि टोपलीत टाकायचे अशी तीन चिन्हे. ऐकू येते ते ‘बटण, बटण, बटण’. तरीही चिकाटीने पत्ता भरला आणि पिनकोडचा एक आकडा राहिला, तर ती चौकट लाल होते. आवाज काहीच नाही. शेवटी शेजाऱ्याला हाक मारायची, नाहीतर आंब्याचा नाद सोडायचा. बागायतदाराला याचा पत्ताही लागत नाही, कारण तक्रार येत नाही. फक्त ऑर्डर येत नाही.

यातले बहुतेक दुरुस्त करायला खर्च जवळपास नाही. भाव चित्रात न ठेवता टाइप करा. चित्र हवेच असेल तर त्यामागे वर्णन लिहा, आणि ‘आंबा फोटो’ असे नव्हे. ‘पाच डझनांची पेटी, अर्धपिकी फळे’ असे. बटणांना नावे द्या. चूक झाली तर ‘पिनकोड सहा आकडी हवा’ असे शब्दांत सांगा. पांढऱ्यावर भडक पिवळी अक्षरे नकोत: किमान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट हवा, आणि ही जोडी १.०७ वरच अडकते. मंद दृष्टीच्या माणसाला तिथे कोरा कागदच दिसतो.

मराठी दुकानदारांची खास अडचण फॉन्टची. छापखान्यातून आलेला जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांची सांकेतिक खिचडी असते आणि स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. शिवाय पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असल्याची नोंद हवी, म्हणजे वाचणारा आवाजही मराठी निवडला जातो.

‘एक ओळ टाका, साइट आपोआप सुगम’ अशी जाहिरात करणाऱ्या प्लगइनच्या नादी मात्र लागू नका. अशाच दाव्यांसाठी अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ मध्ये अ‍ॅक्सेसिबी या कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले.

कायद्याचे काय? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ सरकारी आणि खासगी अशा दोन्ही सेवादात्यांना लागू आहे. पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत दंड, पुढच्यांना पन्नास हजार ते पाच लाख. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हे योग्यच झाले. पण चार माणसांच्या दुकानाला नुसता दंडाचा धाक घालून भागणार नाही. अमेरिकेत तीस किंवा त्याहून कमी पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या व्यवसायांना सुगमतेवरच्या खर्चासाठी वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंत करसवलत मिळते. तसे काही आपल्याकडे का नसावे? जिल्हा उद्योग केंद्रांनी आणि व्यापारी संघांनी आपापल्या सभासदांसाठी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घेतली, आणि शिकवायला दृष्टिहीन व्यक्तीलाच मानधन देऊन बोलावले, तरी बरेच होईल.

तोवर दुकानदाराच्या हातात एक गोष्ट आहे. वेबसाइट बनवणाऱ्याचा शेवटचा हप्ता राखून ठेवा. त्याला समोर बसवा, फोनवर टॉकबॅक सुरू करा, पडदा रुमालाने झाका आणि त्याला एक पेटी मागवायला सांगा. (टॉकबॅक चालू असताना एका स्पर्शाने फक्त वाचन होते, उघडायला दोनदा टिचकी लागते. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर फोन बिघडला म्हणून तो हात वर करील.) ऑर्डर पूर्ण झाली, तरच पैसे द्या.