दोन रनांमधली नजर

स्लॅग हा वेल्डिंगमधला उपायाच्या पाठोपाठ आलेला दोष आहे. सुरुवातीच्या काळात आर्क वेल्डिंगला नुसती उघडी तार वापरत. हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन वितळलेल्या धातूत शिरायचा आणि जोड ठिसूळ व्हायचा. जहाजांच्या बॉयलरची दुरुस्ती करणाऱ्या ऑस्कर केलबर्गने १९०४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गला एसाब ही कंपनी काढली. पुढच्या काही वर्षांत त्याने तार कार्बोनेट-सिलिकेटच्या घट्ट लेपात बुडवून वाळवण्याची युक्ती काढली. लेप जळताना धूर होतो, खाली स्लॅग तयार होतो. हलका असल्याने तो वर तरंगतो, गरम धातूला झाकतो आणि थंड झाला की ठोकून काढायचा असतो. नीट न काढता त्याच्यावर पुढचा रन, म्हणजे धातूचा पुढचा थर, मारला, की तो कायमचा आत राहतो.

आत राहिलेला स्लॅग बाहेरून दिसत नाही. तपासनिसांच्या पहिल्या दोन पिढ्यांची अडचण तीच होती. पाण्याचा दाब द्यायचा, हातोडी मारून आवाज ऐकायचा, कॅपिंगवरून, म्हणजे सगळ्यात वरच्या थरावरून, नजर फिरवायची, आणि सही करायची. १९२२ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाऊन शस्त्रागारात होरेस लेस्टरने ओतकामाचे एक्स-रे काढायला सुरुवात केली. दशकभरात बॉयलरचे वेल्डेड ड्रमही एक्स-रेखाली आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्लॉइड फायरस्टोनने अल्ट्रासॉनिकचं यंत्र आणलं. आता डोळ्याचं काम संपलं, असं कुणालाही वाटलं असतं.

माझ्या मते घडलं उलटंच. एक्स-रेच्या फिल्मनेच डोळ्याला कामाची जागा दाखवली. रूट रनच्या, म्हणजे तळाशी मारलेल्या पहिल्या रनच्या, दोन्ही कडांना समांतर धावणाऱ्या दोन काळ्या रेघा फिल्मवर उमटतात. शॉपमध्ये त्यांना ‘वॅगन ट्रॅक’ म्हणतात. रूट रन मधे फुगलेला आणि कडांना खोल असला, की स्लॅग त्या घळीत बसतो. चिपिंग हॅमरचं टोक तिथे पोचत नाही, वायर ब्रश वरूनच सरकतो. ग्राइंडरने कडा मोकळ्या केल्या तरच तो निघतो. म्हणजे नजर हवी ती जोड पूर्ण झाल्यावर नव्हे, दुसरा रन सुरू होण्याआधी. बीड फुगीर आहे का, व्ही अरुंद आहे का, अंडरकटमध्ये काळं काही चमकतंय का, रॉड बदलला त्या जागी खड्डा राहिलाय का, एवढं पाहिलं तर फिल्मवरच्या पुष्कळ रेघा उमटायच्या आधीच पुसल्या जातात.

भारतात १९५१ मध्ये मुंबईत अडवानी-ओर्लिकॉन उभी राहिली आणि रॉड इथेच मिळू लागले. १९७० मध्ये वेल्डच्या तपासणीची आयएस ८२२ ही संहिता आली. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात डोळा जोडापासून ६०० मिलिमीटरच्या आत, कोन ३० अंशांपेक्षा कमी नको आणि उजेड निदान ३५० लक्स, असं लिहिलेलं आहे. (पावसाळ्यातल्या संध्याकाळी पत्र्याच्या शेडमध्ये एवढा उजेड टॉर्चशिवाय मिळाला तर मला कळवा.) नियम चांगलेच आहेत. पण रजिस्टरमध्ये ‘फायनल व्हिज्युअल ओके’ हा शिक्का जितक्या ठिकाणी दिसतो, तितक्या ठिकाणी मधल्या रनांची नोंद सापडत नाही. त्या शिक्क्याला पृष्ठभागावरचा स्लॅग कळतो. आतल्या स्लॅगबद्दल तो काहीच सांगत नाही.

गेल्या काही दशकांत दोषाने जागाही बदलली. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत सीओटू वेल्डिंगने रॉडला बरंच मागे सारलंय. तिथे स्लॅग म्हणजे बीडवरचे काचेसारखे लहान ठिपके. बॉयलरच्या ट्यूबचा आणि पाइपचा रूट आता बहुतेक आर्गनने मारतात, त्यात स्लॅग नसतोच. वरचे रन मात्र अजून ७०१८च्या रॉडने भरले जातात. तिथे तपासनिसाने थांबायचं ते आर्गनवर रॉडचा पहिला रन पडल्यावर, स्लॅग ठोकून झाल्यावर आणि ग्राइंडर खाली ठेवायच्या आधी.