इंधन सरलेल्या उपग्रहाची वाढीव पाच वर्षे

विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रहाची प्रदक्षिणा पृथ्वीच्या एका परिवलनाइतक्याच वेळात पूर्ण होत असल्याने तो आकाशात एका जागी थांबल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला भूस्थिर म्हणतात. हे स्थैर्य मात्र आपोआप टिकत नाही. चंद्र-सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्याची कक्षा हळूहळू कलू लागते, ती सावरण्यासाठी प्रणोदक, म्हणजे ढकल देणारी लहान इंजिने, वारंवार चालवावी लागतात, आणि त्यांचे इंधन सरत आले की संदेशवहनाची यंत्रणा धडधाकट असूनही उपग्रह निवृत्त करावा लागतो. असे सुस्थितीतील यंत्र टाकून देणे ही मोठीच हानी होय.

जून २००१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या इंटेलसॅट ९०१ या उपग्रहावर हीच वेळ आली होती. त्याला भूस्थिर कक्षेच्या सुमारे ३०० किलोमीटर वर, निकामी उपग्रहांसाठी राखलेल्या ‘स्मशानकक्षेत’ नेण्यात आले आणि तेथे, इतर उपग्रहांना धोका पोहोचू न देता, २५ फेब्रुवारी २०२० रोजी नॉर्थ्रप ग्रुमन कंपनीचे एमईव्ही-१ हे यान त्याला जोडले गेले. अशा जोडणीची कोणतीही सोय मूळ रचनेत नसल्याने यानाने आपला दांडा उपग्रहाच्या मुख्य इंजिनाच्या तोंडातून आत सरकवून पकड घेतली, ही कल्पकता खरोखर थक्क करणारी आहे. त्यानंतर कक्षा व दिशा सांभाळण्याचे काम यानाने स्वतःकडे घेतले. एप्रिल २०२० मध्ये पुन्हा सेवेत आलेला हा उपग्रह २०२५ मध्ये स्मशानकक्षेत परत सोडण्यात आला आणि यान पुढील कामासाठी मोकळे झाले.