डोलत्या फळीवरची शेगडी

मनमाड जंक्शनवर गाडी बदलणाऱ्याला हे गाव रेल्वेचं वाटतं. पण गावाबाहेर पानेवाडी-नागापूरच्या बाजूला गेलं की ते इंधनाचं गाव आहे हे लगेच कळतं. रस्त्याच्या कडेला टँकरांच्या रांगा, साइडिंगला उभ्या वाघिणी, कुंपणाआड पांढऱ्या टाक्या. मुंबईहून भारत पेट्रोलियमची अडीचशे किलोमीटरची वाहिनी इथवर येते आणि पुढे उत्तरेकडे जाते. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत इथल्या टँकरचालकांनी चाकं थांबवली आणि दूरदूरच्या पंपांवर रांगा लागल्या. घरगुती गॅसच्या टाक्या भरणारा इंडियन ऑइलचा कारखानाही इथलाच. टाक्यांनी भरलेला ट्रक रस्त्यावरून जातो तेव्हा होणारा खणखणाट मनमाडकर डोळे मिटूनही ओळखतो.

समुद्र इथून अडीचशे किलोमीटर दूर. तरीही बोटीवरच्या गॅसच्या शेगडीबद्दल मनमाडमधून लिहावंसं वाटतं, कारण त्या शेगडीचा खरा प्रश्न शेगडीचा नसतोच. तो टाकीचा असतो. आणि टाकीच्या शेजारी नांदायचं कसं, हे या गावाला रोजचं आहे.

होडीवर जाळ पेटवणं जुनं आहे. शिडाच्या गलबतांवर लाकडी पेटीत वाळू किंवा माती भरून त्यावर चूल मांडत. लाटेने निखारे सांडले तर ते वाळूत पडावेत, फळीवर पडू नयेत, एवढाच हिशेब. पण त्यात पुढचं सगळं शहाणपण आहे: जाळ कुठे ठेवायचा हे आधी, त्यावर काय शिजवायचं ते नंतर.

मग रॉकेल आलं. स्वीडनमध्ये १८९२ साली तयार झालेला प्रायमस स्टो पुढच्याच वर्षी ध्रुवप्रवासी नान्सेन उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या ‘फ्राम’ जहाजावर घेऊन गेला. आपल्या घरी त्याच जातीचा पंपाचा स्टो आला, पिन मारून पेटवायचा, फर्रर्र आवाज करणारा. खलाशांना तो आवडला याचं कारण साधं आहे. सांडलेलं रॉकेल घाण करतं, वास मारतं, पण साध्या हवेत त्याची वाफ पेटण्याइतकी साठत नाही. गॅस साठतो. नावेच्या पोटात रॉकेल गॅसपेक्षा कितीतरी गरीब.

रॉकेलचं दुसरं रूप मात्र मनमाडने पाहिलं आहे. शिधापत्रिकेवरचं स्वस्त रॉकेल महागड्या डिझेलमध्ये मिसळायचं आणि मधला फरक खिशात घालायचा, हा धंदा इथे बोकाळला होता. २५ जानेवारी २०११ रोजी ही भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ जिवंत जाळण्यात आलं. या गावात इंधनावर लिहायचं आणि त्यांचं नाव वगळायचं, हे मला जमणार नाही.

आता घराघरांत आणि होड्यांवरही गॅस आहे. घरातली नेहमीची टाकी १४.२ किलो गॅसची. पोलादाचं वजन धरून तीस किलोच्या आसपास. ती हलत्या फळीवर उचलणं म्हणजे पाठीचा आणि बोटीचा दोघांचाही तोल घालवणं. म्हणून बोटीसाठी टाकी पाच किलोची. ऑक्टोबर २०१३ पासून ही टाकी पेट्रोल पंपांवर खुल्या विक्रीला आली. घरचा पत्ता सिद्ध करायची गरज नाही, ओळखपत्र पुरतं. डिसेंबर २०२० मध्ये इंडियन ऑइलने तिचं नाव ‘छोटू’ ठेवलं. पुढच्या वर्षी काचतंतू आणि प्लॅस्टिकच्या थरांची टाकी बाजारात आली. तिचं वजन पोलादी टाकीच्या जवळपास निम्मं, आणि ती उजेडात धरली की आत गॅस किती उरला आहे तेही दिसतं. खाऱ्या हवेत पोलाद वर्षाभरात तांबूस पडतं. ही गंजत नाही. बोटीसाठी मुद्दाम बनवलेली नसली तरी बोटीला इतकी शोभणारी दुसरी टाकी आपल्या बाजारात मला माहीत नाही.

बाजारात आणखी एक वस्तू दिसते: दोन-तीन किलोची रंगवलेली टाकी, डोक्यावरच बर्नर आवळलेला. सहलीला सोयीची म्हणून खपते. गल्लीबोळात मोठ्या टाकीतून तिच्यात गॅस ओततात. तिला ना धड झडप, ना तपासणीची तारीख. जाळ टाकीच्या बरोबर डोक्यावर, आणि बोट डोलली की सगळा मनोरा एकदम आडवा. ती बोटीवर नकोच, आणि खरं तर कुठेच नको.

कायदेशीर टाकीवर तारीख असते. वरच्या गोल कड्याला आधार देणाऱ्या पोलादी पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, मग सी, मग डी, पुढे वर्ष. तोवर ती टाकी पुन्हा तपासणीला जायला हवी. घरी टाकी घेताना हे वाचणारे थोडे. बोटीवर नेणाऱ्याने ते पाठ करावं.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आपला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळती झाली की तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही. पाण्यासारखा खाली वाहतो आणि सखल जागा शोधतो. घरात दार उघडलं की उंबऱ्यावरून तो बाहेर तरी पडतो. होडीला उंबरा नाही, होडी म्हणजे वाटी. पाणी आत येऊ नये म्हणून जी बांधली, तिच्यातून गॅसही बाहेर जात नाही. तो डेकच्या फटींतून तळाशी उतरतो, आणि तळाशीच इंजिन असतं, बॅटरी असते, पाणी उपसायचा पंप असतो.

हिशेब करून पाहा. एक किलो गॅस द्रवरूपात दोन लिटरच्या आत मावतो. वायू झाला की सुमारे साडेचारशे लिटर होतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की ती हवा पेटाऊ. म्हणजे एका किलोत वीस-बावीस घनमीटर हवा पेटाऊ करण्याची ताकद आहे. दहा बाय आठची, आठ फूट उंचीची खोली अठरा घनमीटरची. होडीचं पोट त्याहून लहानच. गॅसला स्वतःचा वास नसतो. तो कळावा म्हणून मरकॅप्टन नावाचं उग्र रसायन त्यात मिसळतात. पण डिझेल, मासळी आणि खारा वारा यांत सरावलेल्या नाकाला तळाशी साठलेला तो वास वर बसून येईलच, याचा भरवसा नाही.

म्हणून युरोप-अमेरिकेतल्या नौकांच्या नियमांत टाकी कुठे ठेवायची याला फार महत्त्व आहे. टाकीसाठी वेगळा कप्पा, तो नौकेच्या आतल्या भागाशी जोडलेला नाही, आणि त्याच्या बुडाला बाहेर उघडणारं भोक, पाण्याच्या पातळीच्या वर. गळलेला गॅस आपल्या वजनानेच समुद्रावर निघून जातो. आपल्या साध्या होडीवर असा कप्पा नसेल तर टाकी उघड्या डेकवर, कठड्याला दोन ठिकाणी पट्ट्याने बांधलेली, उभी, उन्हापासून झाकलेली. आडवी कधीच नाही. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव नळीत शिरतो आणि ज्योत हातभर उसळते. केबिनमध्ये, इंजिनाशेजारी, मासळीच्या खणात टाकी ठेवायची नाही. एवढं ठरलं की शेगडी विकत घ्यायला निघावं.

आणि इथे मी आग्रहाने ग्रिलची बाजू घेतो. बोटीवर सगळ्यात जास्त माणूस भाजतो तो ज्योतीने नाही, सांडलेल्या उकळत्या पाण्याने आणि कालवणाने. मोठ्या नौकांवर शेगडी दोन खिळींवर झुलती टांगतात. नौका कलली तरी पातेलं सरळ राहतं. लहान होडीवर ती सोय नाही. जाळीवर मासा भाजताना सांडायला काही नसतंच. बांगड्याला चिरा देऊन हळद, मीठ, लाल तिखट आणि कोकमाचं आगळ चोळायचं. जाळीला तेलाचं बोट. झाकण लावून पाच-सहा मिनिटं एक बाजू, मग दुसरी. चिमटा लांब दांड्याचा हवा. भात घरून शिजवून आणलेला बरा.

मी खानदेशाच्या वेशीवरचा माणूस. तुरीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताशी गॅसच्या जाळाने बरोबरी करावी असा माझा हट्ट नाही, ती होणारही नाही. धूर काड्यांत असतो, गॅसमध्ये नसतो. पण तेलकट मासळीची चरबी तापल्या पत्र्यावर पडून तिचा धूर उलट मासळीलाच लागतो, आणि बांगड्याला तेवढा पुरतो.

ग्रिल निवडताना मी आधी वजन नाही, झाकण पाहीन. वाऱ्यात उघडी ज्योत निम्मी उष्णता उधळते. झाकण असलेलं, तिन्ही बाजूंनी भिंती असलेलं ग्रिल गॅस वाचवतं. मग पाय. टेबलावर ठेवायचे रबरी पाय बोटीवर निरुपयोगी; कठड्याच्या नळीला आवळायचा पक्का कंस हवा, म्हणजे चरबी, ठिणगी सगळं पाण्याकडे जातं. जाळीच्या कडेला बोटभर उंच काठ असावा, नाहीतर पहिल्याच लाटेला बांगडा परत समुद्रात. धातू पोलादाचाच, पण कोणतं पोलाद ते विचारावं. स्वयंपाकघरातलं नेहमीचं ३०४ जातीचं स्टेनलेस खाऱ्या हवेत ठिपके धरतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते टिकतं. बर्नर पितळेचा असेल तर उत्तम. ज्योत वाऱ्याने विझली तर आपोआप गॅस बंद करणारी सोय नसेल, तर कितीही देखणं ग्रिल परत ठेवून द्यावं. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत.

परदेशातून कुणी नातेवाइकाने आणलेलं ग्रिल असेल तर आणखी एक अडचण येते. त्यातली बरीच छोट्या, फेकून द्यायच्या डब्यांसाठी बनवलेली असतात. त्यांना स्वतःचा रेग्युलेटर असतो आणि तो टाकीचा पूर्ण दाब गृहीत धरतो. आपला घरगुती रेग्युलेटर दाब आधीच उतरवतो. एकापुढे एक दोन रेग्युलेटर लावले की ज्योत मरतुकडी होते, मासा भाजत नाही, वाफतो. मग कुणीतरी रेग्युलेटरच काढून टाकतो आणि तिथे अपघात सुरू होतो. ग्रिल आपल्या दाबाचं नसेल तर ते वापरायचं नाही. नळी जाडजूड नारिंगी सुरक्षा नळी. घरी ती पाच वर्षं चालते, उन्हामिठात मी तिला तेवढी मुदत देणार नाही.

पाच किलो किती पुरतात? साधारण साडेतीन किलोवॅटचं ग्रिल पूर्ण जाळावर तासाला पावणेतीनशे ग्रॅम खातं. म्हणजे अठरा तास. दिवसाला एक तास धरला तर अडीच आठवडे. भाड्याच्या होडीतून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्याला सव्वादोनशे ग्रॅमच्या डब्यावरची छोटी शेगडी पुरेल. तासाभराचा जाळ मिळतो. पण रिकामा डबा पाण्यात फेकणारे मी पाहिले आहेत. तो घरी आणायचा.

मनमाडहून टाकी घेऊन कोकणात कसं जायचं, हा प्रश्नच मनात आणू नये. रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे असा माल गाडीत नेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण शिक्षेपेक्षा २६ ऑगस्ट २०२३ ची पहाट लक्षात ठेवावी. मदुराईच्या यार्डात उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या डब्यात, लपवून आणलेल्या गॅसच्या टाकीने आग लागली आणि नऊ जण गेले. आगगाडीचा डबाही एक बंद होडीच आहे. टाकी किनाऱ्यावर विकत घ्यावी आणि किनाऱ्यावरच परत करावी.

पेटवताना नांगर टाकलेला, इंजिन बंद. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे. काडी लावून तपासणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून थांबवावं. वाऱ्याची दिशा पाहून शेगडी अशा कडेला की ज्योत माणसांपासून दूर झुकेल. आधी झाकण उघडायचं, मग काडी, मग गॅस. झाकण बंद ठेवून गॅस सोडला की तीच वाटी उलटी होऊन आपल्यासमोर उभी राहते. पाऊस आला म्हणून शेगडी केबिनमध्ये ओढायची नाही. बंद जागेत जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोपेतच जातो. तळातून वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही. टाकी बंद, सगळे डेकवर, झाकणं उघडी, आणि वाट पाहायची.

विझवायची रीत घरच्यापेक्षा उलटी. शेगडीचा खटका चालूच ठेवून आधी टाकीवरचा रेग्युलेटर बंद करायचा. नळीत उरलेला गॅस जळू द्यायचा. निळी ज्योत बुटकी होते, थरथरते, एकेक भोक सोडत जाते आणि विझते. मग खटका बंद. नळी आता रिकामी आहे, रात्रभर गळायला तिच्यात काही उरलेलं नाही.

जाळी निवली की समुद्राच्या पाण्याने घासायची, पण तशीच ठेवली तर मीठ तिला खातं. शेवटचा हात गोड्या पाण्याचाच हवा. होडीवर गोडं पाणी मोजून असतं. ज्या गावात वागदर्डी धरणाचं पाणी नळाला येण्याची तारीख लोक वर्षानुवर्षं कॅलेंडरवर लिहून ठेवत आले, त्या गावच्या माणसाला त्यासाठी अर्धा मग पुरतो. आधी फडकं भिजवायचं, जाळी पुसायची, त्याच फडक्याने झाकण, आणि मगात उरलेल्या घोटभर पाण्यात बर्नरची भोकं एकेक करून.