चालत्या बेटावरचा मुक्काम

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या हद्दीत मिळून, ॲसाटीग नावाचे एक लांबट बेट आहे. लांबी सुमारे ६० किलोमीटर. रुंदी मात्र कित्येक ठिकाणी एक किलोमीटरही भरत नाही. पूर्वेला अटलांटिक महासागर, पश्चिमेला उथळ खाडी आणि तिच्या पलीकडे मुख्य भूमी. १९६५ साली हे बेट राष्ट्रीय सागरकिनारा म्हणून राखून ठेवण्यात आले. बेटावर हॉटेल नाही, वस्ती नाही. मेरीलँडच्या भागात तंबू ठोकून राहता येते. व्हर्जिनियाच्या भागात वन्यजीवांसाठी राखीव क्षेत्र असल्याने तेथे मुक्कामाला परवानगी नाही.

तेथे राहायला जाणाऱ्यांना काही सूचना दिल्या जातात. तंबूच्या खुंट्या नेहमीपेक्षा लांब आणाव्यात. वाळूच्या टेकड्यांवर चालू नये. सावली मिळणार नाही आणि उन्हाळ्यात डास भरपूर मिळतील, याची तयारी ठेवावी. सूचना साध्याच आहेत, पण पहिल्या दोन नीट समजून घेतल्या तर या बेटाची सारी प्रकृती ध्यानात येते.

आधी खुंटीचे पाहू. मातीत ठोकलेली खुंटी मातीच्या चिकटपणामुळे धरून राहते. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना चिकटत नाहीत. तेथे खुंटीला धरून ठेवते ते केवळ घर्षण. हे घर्षण वाळूच्या दाबावर अवलंबून असते आणि दाब खोलीबरोबर वाढत जातो. त्यामुळे खुंटी दुप्पट खोल गेली की वाळूला टेकणारा तिचा पृष्ठभाग दुप्पट होतोच, शिवाय त्यावरचा सरासरी दाबही दुप्पट होतो. म्हणजे पकड सुमारे चौपट होते! बादलीभर कोरडी वाळू, एक गुळगुळीत काठी आणि ताणकाटा एवढ्या साहित्यात हा प्रयोग वर्गात करता येईल. काठी आधी १० सेंटिमीटर, मग २० सेंटिमीटर पुरून सरळ वर ओढावी आणि काट्यावरचे आकडे विद्यार्थ्यांनाच टिपू द्यावेत.

जी वाळू खुंटी धरत नाही, ती बेट तरी एका जागी कसे धरून ठेवणार? ॲसाटीगखाली खडकाचा उंच पाया नाही. ते सारे वाळूचेच आहे. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात वाळूचा दांडा आणि त्यामागचे खाजण यांची आकृती असते; ओडिशातील चिल्का सरोवर हे त्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण. ॲसाटीग हा त्याच कुळातला, मुख्य भूमीला समांतर पसरलेला दांडा आहे. किनाऱ्यावर तिरप्या येणाऱ्या लाटा वाळू काठाकाठाने पुढे सरकवत राहतात. येथे एकंदर सरक दक्षिणेकडे आहे. तिचा पुरावा बेटाच्या दक्षिण टोकाला मिळतो. तेथील सध्याचा दीपस्तंभ १८६७ साली बेटाचे टोक पाहून उभारला होता. नंतर त्याच्या पुढे वाळू साचत गेली आणि आकड्यासारखी वळलेली काही किलोमीटरची नवी भूमी तयार झाली. दीपस्तंभ जागच्या जागीच राहिला, टोक मात्र पुढे निघून गेले.

ही झाली लांबीच्या दिशेची चाल. आडवी चाल याहून नाट्यमय असते. मोठ्या वादळात लाटा पुळण ओलांडतात, टेकड्या फोडतात आणि समुद्राकडची वाळू उचलून खाडीच्या बाजूला पसरतात. एका बाजूने झीज, दुसऱ्या बाजूला भर. रणगाड्याचा पट्टा जसा स्वतःवरून फिरत पुढे जातो, तसे बेट स्वतःवरून लोळत मुख्य भूमीकडे सरकते. समुद्राची पातळी वाढत असताना बुडून न जाण्याचा हाच त्याचा मार्ग आहे. वादळाने बेटाचा 'नाश' झाला असे आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात अनेकदा बेटाने केवळ जागा बदललेली असते. नाश होतो तो त्यावर आपण जे पक्के बांधून ठेवलेले असते त्याचा.

ॲसाटीगवर हे घडून गेले आहे. १९५० नंतरच्या दशकात तेथे किनारी नगर वसवण्याची योजना होती. हजारो भूखंड विकले गेले, बाल्टिमोर बुलेव्हार्ड नावाचा डांबरी रस्ताही झाला. मार्च १९६२ मध्ये, अमावास्येच्या उधाणातच, एक वादळ किनाऱ्याशी रेंगाळले आणि लागोपाठ पाच भरत्यांना समुद्र बेटावर चढला. तोवर बांधलेली बहुतेक घरे गेली, रस्ता उखडला. त्यानंतर तीनच वर्षांत बेट राष्ट्रीय ठेवा झाले. त्या रस्त्याचे तुकडे वाळूतून डोकावताना आजही एका पायवाटेवर दिसतात. शाळेची सहल न्यावी असे हे ठिकाण आहे, पण ते फारच दूर पडले!

आता टेकड्यांवर चालू नये ही सूचना. येथील टेकड्या गवताने घडवल्या आहेत. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू गवताच्या पात्यांशी अडते आणि साचते. इतर वनस्पती पुरल्या गेल्या तर मरतील. हे गवत मात्र वाळूत पुरले गेले की अधिक जोमाने वर येते आणि पुन्हा वाळू अडवते. त्याला सोसत नाही ते पायाखाली तुडवले जाणे. एक पायवाट पडली की तेथले गवत मरते, वारा त्या खाचेतून वाळू उपसू लागतो आणि पुढच्या वादळाला आयती वाट मिळते. बेटावर रानटी झालेले घोडे आहेत, तेही हे गवत खातात. (बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून पोहत आलेल्या घोड्यांची गोष्ट लोकप्रिय असली, तरी मुख्य भूमीवरच्या शेतकऱ्यांनी सतराव्या शतकात कर आणि कुंपणाचे कायदे चुकवण्यासाठी जनावरे येथे आणून सोडली, हे अधिक संभवनीय वाटते.) मेरीलँडकडच्या कळपाची संख्या १९९४ पासून गर्भनिरोधक लस टोचून मर्यादित करण्यात आली. तंबूत ठेवलेले खाणे या घोड्यांना चांगले कळते, म्हणून ते गाडीत बंद ठेवायचे आणि घोड्यांपासून निदान १२ मीटर दूर राहायचे.

माणसाने वाळूची वाट अडवली की काय होते, हे बेटाच्या उत्तर टोकाला दिसते. ऑगस्ट १९३३ च्या चक्रीवादळाने ओशन सिटी या गावाच्या दक्षिणेला दांडा फोडला आणि समुद्र व खाडी यांच्यामध्ये नवे मुख तयार झाले. बोटींना ते सोयीचे, म्हणून ते बुजू नये यासाठी दोन्ही बाजूंना दगडी बांध घातले. उत्तरेकडून येणारी वाळू बांधाशी आणि मुखाबाहेरच्या उथळ भागात अडकू लागली. गावाची पुळण रुंदावली आणि पलीकडे ॲसाटीगचे उत्तर टोक उपाशी पडले. ते इतके मागे सरकले, की मुखाच्या दोन बाजूंचे किनारे आता एका रेषेत राहिलेले नाहीत. २००४ पासून गाळ काढणाऱ्या जहाजाने ही अडकलेली वाळू उचलून दरवर्षी बेटासमोर टाकली जाते. लाटा जे काम फुकट करीत होत्या, त्यासाठी आता इंधन जाळावे लागते.

बेटावरच्या सोयींबाबत मात्र व्यवस्थापनाने वेगळे धोरण धरले आहे. समुद्राजवळची स्नानगृहे हलवता येतील अशी केली आणि वाहनतळांवर डांबराऐवजी शिंपल्यांचा चुरा वापरला. वादळानंतर तो गोळा करून मागे नवा तळ करता येतो. तंबूवाल्याचाच हा मार्ग! पण सगळ्यांना तो रुचतो असे नाही. व्हर्जिनियाच्या बाजूचा वाहनतळ वादळांत पुन्हा पुन्हा वाहून जातो. २०१५ च्या आराखड्यात तेथील पर्यटकांची पुळण सुमारे अडीच किलोमीटर उत्तरेला हलवण्याचे ठरले, तेव्हा शेजारच्या शिंकोटीग गावात काळजी पसरली. गावाची कमाई उन्हाळी पाहुण्यांवर चालते. पुळण दूर गेली, गाडी लावायची जागा कमी झाली, तर पाहुणे दुसरीकडे वळतील ही त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. जुन्या जागी दरवर्षी खर्च करीत राहणे किती काळ परवडेल, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. विद्यार्थ्यांचे दोन गट करून या विषयावर चर्चा घडवता येईल. एका गटाने गावाची बाजू मांडावी, दुसऱ्याने बेटाची. आणि फळ्यावर १९३३ पूर्वीचा व आजचा, असे किनाऱ्याचे दोन नकाशे शेजारीशेजारी काढलेले असावेत.