इंच, फूट आणि मीटर : रूपांतरणातील अचूकतेचा प्रश्न

दिघोरी परिसरात सुतार लाकडाचे माप इंचात सांगतो, कापड मीटरने मिळते, शेताविषयी लोक एकरात बोलतात आणि सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. त्यामुळे एककांचे रूपांतरण हा केवळ शालेय गणिताचा भाग राहत नाही. रूपांतरणात चूक नेमकी कोठून येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१ इंच = २.५४ सेंटीमीटर हे मूल्य अंदाजे आहे, असा समज पदवी वर्गातही आढळतो. वस्तुतः १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार इंचाची व्याख्याच तशी आहे. ते मूल्य पूर्णतः अचूक होय. त्यावरून १ फूट ०.३०४८ मीटर आणि ४३,५६० चौरस फुटांचा एकर ४,०४६.८६ चौरस मीटर ठरतो. व्यवहारात मात्र ‘एकर म्हणजे ४० आर’ असे धरले जाते. येथे दर एकरी सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजेच ५०४ चौरस फूट जागा हिशेबातून निसटते. गावात एवढ्या जागेवर दोन खोल्यांचे घर उभे राहते! हा दोष गुणकाचा नाही, घाईने केलेल्या पूर्णांकनाचा आहे.

गुणकच वेगळा असेल तर काय होते, याचे उदाहरण विदर्भाशी निगडित आहे. १८०२ मध्ये मद्रास येथून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे निधन पावले. त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या २,०९,२२,९३१.८ फूट दिली. हा फूट सर्वेक्षणाच्या स्वतःच्या प्रमाणदंडावर आधारित ‘भारतीय फूट’ होता, आजचा आंतरराष्ट्रीय फूट नव्हे. त्याची ‘१९३७’ आणि ‘१९६२’ या नावांनी ओळखली जाणारी मूल्ये अनुक्रमे ०.३०४७९८४१ व ०.३०४७९९६ मीटर आहेत. तीस फुटांच्या भिंतीत हा फरक ०.०४ मिलिमीटरहूनही कमी भरतो. गवंड्याला तो कळणारही नाही. परंतु पृथ्वीची तीच त्रिज्या पहिल्या मूल्याने ६३,७७,२७६.३४५ मीटर, तर दुसऱ्याने ६३,७७,३०१.२४३ मीटर येते. आकडा एकच, तरी अंतर जवळजवळ २५ मीटरांचे. नकाशांच्या संगणकीय प्रणालींमध्ये ‘एव्हरेस्ट १८३०’ या नावापुढे वेगवेगळी वर्षे दिसतात, त्यामागील एक प्रमुख कारण हेच आहे. जुन्या नकाशांवर प्रकल्प देताना विद्यार्थ्याकडून प्रथम ते वर्ष लिहून घ्यावे आणि मगच गणित तपासावे.