निधी आला, पगार गेला

दक्षिण वेल्समधल्या एका चिंचोळ्या खोऱ्यात एबू व्हेल हे गाव आहे. दोन्ही बाजूंच्या उतारांवर घरांच्या रांगा आणि मधल्या सपाटीवर, पूर्वी जिथे पोलादाचा कारखाना होता तिथे, नवं रुग्णालय, महाविद्यालय आणि रेल्वे स्थानक. या सपाटीवरून वरच्या बाजारपेठेत जायला २०१५ मध्ये रुळांवरून उतार चढणारा एक छोटा डबा बसवला. हा डबा, महाविद्यालय, गावापर्यंत वाढवलेला लोहमार्ग, डोंगरमाथ्यावरचा रुंद केलेला महामार्ग या कामांना युरोपीय संघाचा पैसा लागला होता. तसे फलकही होते, निळ्या पट्टीवर बारा सोनेरी ताऱ्यांचे. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने संघात राहायचं की नाही यावर सार्वमत झालं, तेव्हा हे गाव ज्यात येतं त्या ब्लायनाय ग्वेंट भागात ६२ टक्के मतं संघ सोडण्याच्या बाजूने पडली. वेल्समध्ये इतकं मोठं प्रमाण दुसरीकडे कुठेच नव्हतं.

देशभरात ‘सोडा’ला ५१.९ टक्के मतं मिळाली. संघाकडून सर्वाधिक मदत घेणारे प्रदेशही त्यात होते. दरडोई उत्पन्न युरोपच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांच्या खाली असलेल्या प्रदेशांना संघाच्या नियमानुसार सर्वांत जास्त विकासनिधी मिळे. ब्रिटनमध्ये पश्चिम वेल्स, दक्षिण वेल्सची खोरी आणि इंग्लंडमधलं कॉर्नवॉल त्यात बसत. कॉर्नवॉलने ५६.५ टक्के मतं ‘सोडा’ला दिली आणि निकालानंतर लगेच तिथल्या कौन्सिलच्या प्रमुखांनी, आमचा निधी कमी होता कामा नये, अशी मागणी केली. लंडनने मात्र जवळपास ६० टक्के मतं संघात राहण्यासाठी दिली. बार्ट लॉस, फिलिप मॅकॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हा विरोधाभास आकड्यांतून मांडला: ज्या प्रदेशांची अर्थव्यवस्था युरोपच्या बाजारावर जास्त अवलंबून होती, त्यांचाच कल संघ सोडण्याकडे अधिक होता.

‘यांना स्वतःचं हित कळत नाही’ असा शेरा तेव्हा सगळीकडे ऐकू आला. मला तो अन्यायाचा वाटतो. हित नेमकं कुणाचं, हे त्यात विचारलेलंच नाही.

एबू व्हेलचा कारखाना २००२ मध्ये बंद झाला. एके काळी तिथे हजारो माणसं कामाला होती आणि शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला हातात कौशल्य आणि घर चालवण्याइतका पगार तिथे मिळायचा. युरोपच्या निधीतून इमारती झाल्या, रस्ते झाले; पगार काही परत आला नाही. प्रवासी गाडी १९६२ मध्ये बंद झाली होती, ती २००८ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिने खोऱ्यातल्या तरुणाला कार्डिफ शहरापर्यंत नेलं, पण कार्डिफमधलं काम काही खोऱ्यात आलं नाही. प्रदेशाच्या ताळेबंदात जमा झालेली रक्कम घरच्या हिशेबात कुठेच दिसत नसेल, तर ती गेल्याने आपलं नुकसान होईल असं त्या घराला का वाटावं?

त्यात २०१० पासून लंडनच्या सरकारने खर्चकपात सुरू केली. स्थानिक कौन्सिलचं अनुदान आटलं, गरजूंचे भत्ते कापले गेले. वॉरिक विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ थिमो फेट्झर यांनी दाखवून दिलं की कपातीची झळ जिथे जास्त बसली, तिथे संघविरोधी पक्षाची मतं वाढत गेली. ही कपात नसती तर सार्वमताचा निकाल उलटा लागू शकला असता, इथपर्यंत ते जातात. कपात लंडनने केली आणि राग ब्रुसेल्सवर, म्हणजे संघावर, निघाला. मतपत्रिकेवर प्रश्न एवढा एकच होता, त्यामुळे साठलेलं सगळं त्यावरच ओतलं गेलं.

दक्षिण वेल्समधल्याच पोर्ट टॅल्बटची गोष्ट तर थेट मुंबईला जोडलेली आहे. तिथला पोलाद कारखाना २००७ पासून टाटांचा. २९ मार्च २०१६ रोजी टाटा स्टीलच्या संचालक मंडळाची बैठक मुंबईत झाली आणि ब्रिटनमधला व्यवसाय विकायचा विचार जाहीर झाला. बैठकीआधी कामगार संघटनेचे प्रतिनिधी आणि तिथले खासदार स्टीफन किनॉक मुंबई गाठून आले होते. चीनच्या स्वस्त पोलादाने बाजार भरून गेला होता. त्यावर युरोपने आयात शुल्क वाढवावं असा प्रयत्न चालू होता आणि त्याला विरोध करणाऱ्यांत ब्रिटनचंच सरकार होतं. हे किती कामगारांपर्यंत पोहोचलं असेल? आपल्या भट्टीचं भवितव्य भलतीकडेच ठरतं, एवढं मात्र प्रत्येकाला दिसत होतं. तीन महिन्यांनी सार्वमत आलं, तेव्हा ‘सूत्रं पुन्हा आपल्या हाती घ्या’ ही ‘सोडा’च्या प्रचाराची घोषणा त्यांच्यासमोर होती. त्या भागात ‘सोडा’ला जवळपास ५७ टक्के मतं मिळाली. अशा वेळी निर्यातीचे आकडे समजावून सांगणाऱ्याचं कोण ऐकणार!

ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंडमध्ये हे गणित त्याहून अवघड होतं, कारण तिथे पगारही होता. १९८६ पासून निसानचा मोटार कारखाना, सुमारे सात हजार कामगार, आणि निम्म्याहून अधिक गाड्या युरोपात जाणाऱ्या. तरी ६१ टक्के मतं ‘सोडा’ला. मध्यरात्रीनंतर हा निकाल आला आणि पौंड कोसळला. कारखाना आजही चालू आहे, हे नमूद करायला हवं. पण सरकारला निसानला पत्र लिहून हमी द्यावी लागली आणि २०१९ मध्ये एका गाडीचं तिथे ठरलेलं उत्पादन कंपनीने रद्द केलं.

मला खरा संताप येतो तो आश्वासनं देणाऱ्यांचा. प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं की आठवड्याला ३५ कोटी पौंड युरोपला जातात, ते राष्ट्रीय आरोग्य सेवेला देऊ. हा आकडा दिशाभूल करणारा आहे, असं ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने मतदानाआधीच बजावलं होतं. ही आरोग्य सेवा १९४८ मध्ये उभी केली ती अन्यूरिन बेव्हन यांनी. ते एबू व्हेलचेच खासदार, आणि शेजारच्या ट्रेडेगर गावी कामगारांनी वर्गणीतून चालवलेली वैद्यकीय मदत संस्था हा त्यांचा नमुना होता. त्या खोऱ्यातल्या माणसाला दवाखान्याच्या नावाने साद घालणं म्हणजे त्याच्या श्रद्धेलाच हात घालणं होतं.

पुढे २०१९ च्या जाहीरनाम्यात हुजूर पक्षाने लिहून दिलं की युरोपच्या निधीइतकी रक्कम तरी आम्ही नक्की देऊ. ‘सामायिक समृद्धी निधी’ प्रत्यक्षात आला २०२२ मध्ये, आणि तोही तीन वर्षांत सगळ्या देशासाठी २६० कोटी पौंड. वेल्सच्या सरकारच्या हिशेबाने त्यात वेल्सच्या वाट्याला ११० कोटी पौंड कमी आले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी पोर्ट टॅल्बटची शेवटची झोतभट्टीही बंद झाली. त्यामागे तोटा होता, जुनी यंत्रणा होती, प्रदूषणाचा प्रश्न होता. सगळा दोष सार्वमतावर टाकणं खोटं ठरेल. पण सूत्रं हाती आली म्हणून भट्टी वाचली, असंही झालं नाही.

या मतदारांचा निर्णय त्यांना महागात पडला, हे मी मान्य करतो. त्यांना अडाणी म्हणणं मला मान्य नाही. ज्यांना हिशेबच मागायचा असेल, त्यांनी एबू व्हेलच्या मतदाराला गाठण्याआधी त्या ११० कोटींचा जाब विचारावा, आणि तो लंडनमध्ये विचारावा.