इंग्रजीतील भावदर्शक विशेषणे आणि मराठी भाषक विद्यार्थी

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून शिकविला जातो. तरीही नांदेड-लातूर परिसरातील पदवीधर मुलाखतीत ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ असे म्हणून जातो. त्याला म्हणायचे असते, ‘मला या कामात रस आहे’. समोरच्यास ऐकू येते, ‘मी मोठा रंजक माणूस आहे’. एका प्रत्ययापायी गुणी उमेदवार हास्यास्पद ठरतो, म्हणून या चुकीचे मूळ तपासणे अगत्याचे आहे.

‘इंग’ प्रत्ययान्त विशेषण भावना निर्माण करणाऱ्याचे, तर ‘एड’ प्रत्ययान्त विशेषण ती अनुभवणाऱ्याचे वर्णन करते. हा भेद मराठीस परका नाही. व्याख्यान कंटाळवाणे असते, श्रोता कंटाळलेला. निकाल आश्चर्यकारक, पालक आश्चर्यचकित. (अर्थात मराठीही क्वचित सैल वागते. ‘उदासवाणी’ संध्याकाळ असते, तसाच ‘उदासवाणा’ चेहराही.)

अडचण विशेषणात नसून क्रियापदात आहे. इंग्रजीत ‘बोअर’ करण्याची क्रिया व्याख्यान करते व ती श्रोत्यावर घडते. मराठीतील ‘कंटाळणे’ मात्र अकर्मक असून त्याचा कर्ता श्रोताच असतो. त्यातच विद्यार्थ्यास ‘इंग’ची पहिली ओळख होते ती अपूर्ण काळाची खूण म्हणून. ‘मी जात आहे’ म्हणजे ‘आय ॲम गोइंग’. त्याच न्यायाने ‘मला कंटाळा येत आहे’ याचे ‘आय ॲम बोअरिंग’ होते. शिवाय मराठीत रुळलेला ‘बोअर’ हा शब्द दोन्हीकडे चालतो : ‘तास बोअर आहे’ आणि ‘मी बोअर झालो’.

‘व्यक्तीस एड, वस्तूस इंग’ हा वर्गात सांगितला जाणारा नियम सोयीचा असला तरी फसवा आहे. प्राध्यापकही ‘बोअरिंग’ असू शकतो, हे विद्यार्थी आपल्याहून अधिक जाणतात! त्याऐवजी भावना कोणी निर्माण केली व कोणास झाली, हे विचारावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ती टंचाई ‘वरीइंग’ होती, नागरिक ‘वरिड’ होते. आधी ‘द लेक्चर बोअर्ड अस’ यासारखे क्रियापदाचे वाक्य करवून घ्यावे व त्यातून दोन्ही विशेषणे काढावीत. ‘इंटरेस्टेड इन’, ‘बोअर्ड विथ’ हे प्रयोग शब्दयोगी अव्ययासह एकत्रच पाठ करून घेणे बरे. मात्र ‘डिलाइटेड’समोर ‘डिलाइटफुल’ आणि ‘स्केअर्ड’समोर ‘स्केअरी’ येते. अशा जोड्या स्वतंत्रपणेच शिकवाव्या लागतात.